हमाम उरला, पाणी गेलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हमाम म्हटलं की आपल्याकडे निम्म्या लोकांना साबण आठवतो. टाटा ऑइल मिल्सने १९३१ साली बाजारात आणलेला हा साबण अनेक घरांच्या मोरीत वर्षानुवर्षं नांदला. उरलेल्या निम्म्यांना हमामदस्ता आठवतो. त्याचा आंघोळीशी काही संबंध नाही. मूळ शब्द फारसी, 'हावनदस्ता'. हावन म्हणजे उखळ आणि दस्ता म्हणजे बत्ता. बोलता बोलता हावनचा हमाम झाला आणि वेलदोडे कुटायच्या भांड्याला न्हाणीघराचं नाव चिकटलं. आमची नानी तो शब्द वापरायची तेव्हा मला खरोखर वाटायचं, की राजेलोक आंघोळीला बसले की शेजारी मसाला कुटला जात असावा.

खरा हमाम अरबी. त्याच्या धातूत उष्णता आहे. तापाला अरबीत 'हुम्मा' म्हणतात, तोही त्याच कुळातला. म्हणजे हमाम ही मुळात तापवण्याची जागा, आंघोळ त्यातून पुढे आली. हे लक्षात ठेवलं तर आजचा विषय सोपा होईल. कारण समुद्राकाठच्या अशा एका जुन्या हमामाविषयी मला सांगायचं आहे, ज्याचं आज फक्त कवच उभं आहे.

हा हमामखाना आहे चौलला. आपल्या अंबरनाथ-बदलापूरहून निघालं तर पनवेलमार्गे अलिबाग आणि तिथून रेवदंड्याची एस.टी. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रस्ता जातो. गाव आता शांत आहे, इतकं शांत की इथे एके काळी जगातली गलबतं लागत होती हे सांगून पटत नाही. दगड-चुन्याचं बांधकाम, वर घुमट, आत अष्टकोनी दालन. निजामशाहीच्या काळाशी त्याचं नातं जोडलं जातं. अहमदनगरच्या निजामशहांचं हे मोठं बंदर होतं, त्यामुळे ते पटण्यासारखंही आहे. पर्यटक समुद्राकडे जातात, दत्ताच्या डोंगरावर जातात, रामेश्वराला जातात. हमामखान्याकडे वळणारे थोडे.

चौल हे नाव आपल्याला लहान वाटतं, पण त्याची वही फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांच्या टिपणांत ते 'सेमिल्ला' म्हणून येतं, टॉलेमीच्या भूगोलात 'सिमिल्ला' म्हणून. अरबांनी त्याला 'सैमूर' म्हटलं. दहाव्या शतकात, इ.स. ९१६च्या सुमारास, अल मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी इथे आला होता. तो लिहितो की या गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे. शिवाय इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलाबाळांना तो एक वेगळं नाव देतो, 'बयासिरा'. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. आणि तो राजा कोण? मसूदी त्याला 'जंज' म्हणतो. इतिहासकारांच्या मते हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला झंझ राजा.

इथे अंबरनाथकरांनी कान टवकारावेत. वालधुनीच्या काठचं आपलं शिवमंदिर याच शिलाहारांचं. मंदिराच्या दरवाजावरच्या शिलालेखात शके ९८२ हे वर्ष आहे, म्हणजे इ.स. १०६०, आणि राजाचं नाव मामवाणी, ज्याला मुम्मुणी असंही म्हणतात. म्हणजे ज्या घराण्याने बसऱ्याच्या व्यापाऱ्याला आपल्या बंदरात घर बांधू दिलं, त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी अंबरनाथचं देऊळ उभं केलं. शाळेत हे दोन धडे वेगवेगळ्या पानांवर असतात. मी बी.ए.ला इतिहास शिकलो, तरी ही दोन पानं मला कुणी जोडून दाखवली नव्हती.

चौलचा हमामखाना मसूदीच्या काळचा नाही, तो कितीतरी नंतरचा. पण बंदराचा स्वभाव एका दिवसात घडत नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन याच चौलला उतरला. इथले लोक उघड्या अंगाने आणि उघड्या डोक्याने हिंडतात याचं त्याला मोठं नवल वाटलं. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात २००२ साली त्याचं स्मारक उभारलं गेलं. पुढे पोर्तुगीज आले. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने त्यांनी खाडीच्या तोंडाशी, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला. मग दोन चौल झाली. एक पोर्तुगीजांचं समुद्राला लागून, एक निजामशाहीचं थोडं आत. पन्नास वर्षांनी मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला, कित्येक महिने तो चालला, पण किल्ला पडला नाही. मराठ्यांकडे हे ठाणं आलं ते १७४० साली. तोवर व्यापार सुरतेला आणि मुंबईला गेला होता.

आता हमामात शिरू. हमाम कसा चालतो हे समजायला फार लांब जायला नको. आपल्या घरातला तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणा. गॅसचा गिझर येण्याआधीचा, ज्यात मधोमध नळकांडं असायचं, खाली जाळी, वरून गोवऱ्या, ढलप्या, नारळाच्या करवंट्या टाकायच्या. बाहेर पाणी, पोटात आग. हमाम हा असा बंब आहे, फक्त त्यात माणसं बसतात.

विहिरीचं पाणी मोटेने किंवा रहाटाने उंचावरच्या टाकीत चढवायचं. तिथून ते भिंतीत बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळांतून आत उतरायचं. एक वाट गार पाण्याची, दुसरी गरम पाण्याची. गरम पाण्याच्या हौदाच्या तळाशी तांब्याचं मोठं भांडं चुन्यात पक्कं बसवलेलं असायचं आणि त्याच्या बरोबर खाली भट्टी. भट्टीचं तोंड इमारतीच्या मागच्या बाजूला, म्हणजे लाकूडफाटा आणणारा माणूस आंघोळीच्या माणसाला दिसायचा नाही. भट्टीचा धूर आणि गरम हवा सरळ बाहेर सोडत नसत. फरशीखाली केलेल्या पोकळीतून ती फिरायची, मग भिंतीतल्या धुराड्यांतून वर जायची. पायाखालची फरशी तापायची, भिंती तापायच्या. ही युक्ती रोमन लोकांची. त्यांच्या स्नानगृहांतून ती सीरिया, तुर्कस्तान, इराण अशी फिरत हिंदुस्थानात आली.

दालनांचा क्रमही ठरलेला. आधी गार खोली, तिथे कपडे उतरवायचे आणि दम खायचा. मग कोमट खोली. मग गरम खोली, जिथे घाम सुटतो. बाहेर येतानाही याच पायऱ्यांनी, एकदम थंड हवेत नाही. एका खोलीतून दुसरीत जायची वाट अरुंद, बहुधा काटकोनात वळलेली. उष्णता अडते आणि नजरही अडते. बाजूच्या भिंतींना खिडक्या जवळजवळ नसतातच. उजेड येतो तो घुमटाच्या भोकांतून, आणि त्या भोकांना काच बसवलेली असते. आतल्या वाफेत तो उजेड दांड्यांसारखा उभा राहतो. कोपरे गोलावलेले असतात, कारण कोपऱ्यात ओल साचते. घुमटही शोभेसाठी नाही. सपाट छतावर वाफेचं पाणी झालं की ते थेंबाथेंबाने माणसाच्या डोक्यावर पडतं. घुमटावर ते कडेकडेने ओघळून भिंतीला लागतं. हे मला एका जुन्या गवंड्याने सांगितलं आणि त्यानंतर कोणत्याही घुमटाकडे मी निव्वळ कवीच्या नजरेने पाहू शकलो नाही.

कुणी विचारेल, कोकणात कशाला हवा हमाम? इथे माणूस दोन पावलं चालला तरी घामाने भिजतो. प्रश्न रास्त आहे. पण हीच इमारत भट्टी बंद ठेवली की उन्हाळ्यात गारव्याची जागा होते. जाड भिंती, खेळतं पाणी, कमी उजेड. मोगलांनी तिचा तसा वापर पुरेपूर केला. त्यांच्याकडे हमामाजवळच्या गार दालनांत खलबतं चालत. बादशहाच्या खासगी दरबाराला 'गुसलखाना' हेच नाव पडलं होतं. १२ मे १६६६ रोजी आग्र्याला शिवाजी महाराजांची औरंगजेबाशी भेट झाली ती याच दरबारात. त्या वेळच्या राजस्थानी पत्रांत दिवाण-इ-खासला गुसलखानाच म्हटलेलं आहे. आपल्या इतिहासातला तो बाणेदार प्रसंग न्हाणीघराचं नाव असलेल्या दालनात घडला, हे किती जणांना ठाऊक असतं? आपल्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात शाही हमाम आजही पाहता येतो. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून थोडीफार टिकून आहे. मुमताजमहल १६३१ मध्ये त्याच शहरात वारली.

चौलच्या बाबतीत माझा एक अंदाज आहे आणि तो अंदाजच समजावा. होर्मुझहून, एडनहून निघालेला माणूस आठवडेच्या आठवडे जहाजावर काढी. खारं पाणी, खारा वारा, पिण्याचं पाणी मोजून. बंदराला लागल्यावर त्याला पहिल्यांदा काय हवं असेल? गोडं पाणी, अंगभर. शहरात उतरलेल्या परक्या माणसाला तिथले लोक हमामात भेटत, भाव कळत, बातम्या कळत. 'हमाम में सब नंगे' ही म्हण आपण आता राजकारण्यांसाठी वापरतो. तिचा साधा अर्थ असा, की तिथे अंगावरच्या कपड्यावरून माणसाचा दर्जा ओळखू येत नाही. हमाम सर्वांना सारखा खुला होता असा गोड समज मात्र नको. तिथे पाणी वाहणारा वेगळा होता आणि भट्टीत लाकूड सारणारा वेगळा.

हमाम पडायला लागतो तेव्हा आधी पाणी जातं. पाणी गेलं की भट्टी विझते. मग तांब्याचं भांडं जातं, कारण तांब्याला भाव असतो. मग मातीचे नळ फुटतात, फरशी उचलली जाते. शेवटी उरते कमान, दर्शनी भिंत आणि घुमट. म्हणजे जे सर्वांत कमी काम करत होतं ते सर्वांत जास्त टिकतं. आपण त्या कमानीचा फोटो काढतो आणि म्हणतो, हमाम पाहिला.

दर्शनी भाग उरणं ही तशी जगभरची गोष्ट. जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वाड्याचा एक दरवाजा तेवढा उभा आहे, वाडा केव्हाच पाडला गेला. मकावच्या सेंट पॉल चर्चची नुसती समोरची भिंत १८३५च्या आगीतून वाचली आणि आज तीच त्या शहराची ओळख आहे. पण हे झालं नशिबाने उरलेलं. मुद्दाम वाचवलेलं वेगळं, आणि त्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या.

मुंबईत गेटवेजवळ सर कावसजी जहांगीर हॉल आहे. जॉर्ज विटेटने आखलेली ही इमारत १९११ची. सभा, संगीताच्या मैफली, सगळं तिथे झालं. नंतर ती मागे पडली. शेवटी बाहेरचा चेहरा तसाच ठेवून आतला सभागृहाचा भाग पूर्ण बदलला आणि १९९६च्या डिसेंबरमध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. आत अर्धगोल दालनं, एकातून दुसरीत चढत जाणारे जिने. मला ते आवडतं. पण गाणं ऐकायला तिथे जाणाऱ्या पिढीला ते आपलं वाटत नसेल, हेही मी समजू शकतो.

दुसरी तऱ्हा पुण्याची. कोथरूडला बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी उचलून आणले आणि आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे. पोराच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहालयाला त्याचं, राजाचं, नाव दिलं. मस्तानीला हयातीत पुण्यात धड घर लाभलं नाही, तिची कबर पाबळला. आणि तिच्या महालाच्या तुळया वाचवल्या त्या एका कवीने. आम्हा कवींना फुशारकी मारायला फारसं काही नसतं, म्हणून हे सांगून घेतो.

तिसरी तऱ्हा घारापुरीच्या हत्तीची. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तो दगडी हत्ती १८६४ साली विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही आहे. सांधे दिसतात. ते दिसतात हेच मला बरं वाटतं.

आणि अंबरनाथ? १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचं पथक आपल्या मंदिराची मापं, चित्रं आणि मूर्तींचे साचे घ्यायला आलं होतं. दगड जाग्यावर ठेवून फक्त त्याची प्रत न्यायची, ही वाचवण्याची सर्वांत सभ्य रीत. दगड आजही जाग्यावर आहे. शेजारची वालधुनी मात्र ज्या अवस्थेत आहे ती रोज लोकलने जाणाऱ्याला नाकानेच कळते. इथेही पाणीच आधी गेलं.

आता उल्हासनगरकडे येतो, कारण हे सगळं सांगायचं खरं कारण तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ पडला, दोन हजारांहून अधिक बराकींचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्या बराकींत शिरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. तरी आजही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन' असंच सांगतात. ही माणसं ज्या हैदराबादेहून आली, सिंधमधल्या, तिथे घराघराच्या छपरावर वारा पकडून खाली खोलीत सोडणारे झरोके होते. ती माणसं कौलांच्या लांबलचक बराकीत, मध्ये गोणपाटाचा पडदा लावून राहिली. नळ सार्वजनिक, संडास सार्वजनिक. आमच्या ओळखीतल्या एका सिंधी आजी म्हणायच्या, "बेटा, पहिली ओळख नळावर झाली, नाव मागाहून विचारलं." चौलच्या हमामात याहून वेगळं काय होत असेल?

त्या बराकींच्या जागी इमारती आल्या. त्यातल्या कित्येक घाईने आणि वाईट मालाने बांधलेल्या. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. म्हणून जुनं वाचवा असं सरसकट सांगणाऱ्यांत मी नाही. ज्याच्या डोक्यावरचा स्लॅब सळ्या दाखवतो आहे त्याला वारशाचं व्याख्यान देणं हा क्रूरपणा आहे. पुनर्विकास व्हायलाच हवा.

पण एक बराक? एकच. १९५८च्या केंद्रीय कायद्यानुसार एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरायला ती किमान शंभर वर्षांची असावी लागते. युद्धकाळातली बराक ती अट पुरी करेल २०४०च्या पुढे. तोवर एकही धड बराक उरलेली नसेल, म्हणून कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. हे काम नगरपालिकेचं, शाळांचं, सिंधी पंचायतींचं आणि आपलं सगळ्यांचं. आणि ते करताना नुसती समोरची भिंत रंगवून तिच्यामागे हॉल काढू नये. बराकीत पाणी कुठून येत होतं तो नळ ठेवावा, पडदा कुठे बांधत त्या खिळ्यांच्या खुणा ठेवाव्यात, चूल कुठे होती ती काळी भिंत न पुसता ठेवावी. तिथे राहिलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. कोणत्या कोपऱ्यात काय होतं हे ती बोट ठेवून सांगू शकतात. चौलच्या हमामाबद्दल असं सांगणारं कुणी राहिलेलं नाही.

चौलला गेलात तर उन्हाळ्याच्या सकाळी जा, गवत वाळलेलं असतं आणि आत शिरता येतं. सोबत विजेरी घ्या. घुमट पाहून झाल्यावर वर पाहणं थांबवा आणि भिंतींच्या खालच्या भागाकडे, कोपऱ्यांकडे बघा. गाडलेला नळ, काजळी, पाण्याची पातळी दाखवणारी चुन्याची रेघ, असं काही सापडतं का ते शोधा. सापडलं तर हात लावू नका, फोटो घ्या. आणि परतताना रामेश्वराच्या देवळात थोडं थांबा. तिथे पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहेत. एरवी दगडांनी झाकून ठेवलेली ही कुंडं, पाऊस दगा देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडायची गावाची जुनी रीत आहे.